अहिरे सर आणि सटाणा नावाचं मशीन

आमच्या कंपनीत नवा माणूस रुजू झाला की त्याच्या मशीनवर लिनक्स आणि त्यावर कामाला लागणारं सगळं सॉफ्टवेअर बसवायला आता चार मिनिटं लागतात. मी लिहिलेली एक फाईल आहे. ती चालवायची आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत मेसेज ब्रोकरसकट सगळं बसलेलं असतं. अहिरे सरांना याच कामाला अख्खा दिवस लागायचा. "अहिरे म्हणजे बैलगाडी होती," असं आमचे मॅनेजर निखिल सर अजून नव्या लोकांना सांगतात आणि सगळे हसतात. मीही हसते. त्या फाईलमधली एकूण एक ओळ अहिरे सरांच्या वहीतून उतरवलेली आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कंपनी लहान, नाशिकच्या इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर. आम्ही बाजार समित्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कांद्याचा ट्रॅक्टर गेटवर आला की त्याची नोंद, मग लिलाव, मग वजनकाटा, मग पावती. प्रत्येक टप्प्याचा प्रोग्राम वेगळा. एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्याने उचलेपर्यंत मधल्या मध्ये सांभाळून ठेवतो तो मेसेज ब्रोकर. कॉलेजात हे कुणी धड समजावलं नव्हतं. अहिरे सरांनी समजावलं ते असं: "मी नाशकात आयटीआय करत होतो तवा आई सटाण्याहून एसटीनं डबा पाठवायची. कंडक्टर डबा आणायचा, उघडून बघायचा नाय. मी स्टँडवर वेळेत नाय गेलो तर कंट्रोलरच्या टेबलाखाली ठेवायचा, फेकायचा नाय. ब्रोकर म्हंजे तो कंडक्टर. बाकी पुस्तकात लय लिहिलंय, ते सावकाश वाच."

पहिल्या दिवशी मी त्यांना प्यून समजले होते. हे लिहायला लाज वाटते, पण झालं होतं तसंच. मी आले तेव्हा हा पन्नाशीचा, सावळा, बारीक अंगाचा माणूस फडक्याने माझं टेबल पुसत होता. कीबोर्डची एकेक फट टोकदार काडीने साफ करत होता. मी बॅग ठेवली आणि म्हटलं, "जरा पाणी आणता का?" ते गेले, ग्लास घेऊन आले, मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबले, ग्लास जागेवर ठेवून आले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "चला. आता लॉगिन करा." मी खाली मान घालून लॉगिन केलं. पुढे चार वर्षं आम्ही शेजारी बसून काम केलं, पण त्यांनी त्या ग्लासाचा विषय थट्टेतही काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून ब्रोकर बसवून घेतला. कॉपी-पेस्टला बंदी. वहीतली ओळ बघायची आणि स्वतः टाईप करायची. "चिकटवलेलं डोक्यात राहत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मधेच मशीन विचारतं, अमुक इतकी नवी पॅकेजेस बसतील, इतकी जागा लागेल, पुढे जाऊ का? जगातले सगळे लोक तिथे न वाचता हो म्हणून टाकतात. अहिरे सर दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावायचे. "विचारतंय ना ते? मग आधी काय विचारतंय ते वाच. मोठ्यानं वाच." मग मी तेवीस वर्षांची इंजिनिअर, पहिलीतल्या मुलीसारखी पॅकेजेसची नावं मोठ्याने वाचत होते आणि मागच्या रांगेतले लोक तोंडावर हात धरून हसत होते. ऑफिसात अहिरे सरांची नक्कल करायची तर मांडीवर हात ठेवून दाखवलं की पुरत असे.

या कामात खरी डोकेदुखी दोन आवृत्त्यांची. ब्रोकर ज्या भाषेत लिहिलेला आहे ती भाषा मशीनवर आधी बसवावी लागते आणि दोघांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातून घेतली तर ती भाषा बऱ्याचदा जुनी येते. मग ब्रोकर उठतच नाही आणि धड कारणही सांगत नाही. सर म्हणायचे, "आधी सोयरीक जुळती का बघ, मग मांडव घाल." जुळलेल्या आवृत्त्यांना ते कुलूप लावायचे, म्हणजे बाकी सगळं सॉफ्टवेअर नवं झालं तरी ही दोन पॅकेजेस जागची हलायची नाहीत. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक पॅकेजची सही, म्हणजे ते खऱ्या ठिकाणाहून आल्याची अक्षरा-आकड्यांची खूण, ते अक्षर-अक्षर जुळवून बघायचे. एकाने स्क्रीनवर बघायचं, दुसऱ्याने वहीतून वाचायचं.

म्हणून ते गोड माणूस होते असं कुणी समजू नये. माझ्यानंतर लागलेल्या एका इंजिनिअरने कुठल्याशा वेबसाईटवरची ओळ न तपासता चिकटवली. सरांनी त्याचं अख्खं मशीन पुसून टाकलं. त्यात त्याचे खाजगी फोटोही गेले. तो रडवेला झाला. सर म्हणाले, "कंपनीच्या मशीनवर फोटो कशाला ठेवले?" आणि डबा उघडून जेवायला बसले. ते एकटेच जेवायचे. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. मी एकदा त्यांना न विचारता त्यांची वही उघडली तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

माणूस मात्र कामाला चिकट. पुतणीच्या हळदीला ते सटाण्याला गेले असताना इथे एका मशीनवर ब्रोकर उठेना. मी फोन केला. मागे बँड वाजत होता, बायका ओरडत होत्या. सरांनी वही न बघता एकेक ओळ सांगितली, मला प्रत्येक ओळीनंतर स्क्रीनवर काय आलं ते वाचायला लावलं. मधेच कुणीतरी त्यांना हळद लावायला ओढत असावं. "थांब ना भो, काम शे," असं त्यांचं अहिराणी ऐकू आलं आणि लगेच मला, "हां मीनल, पुढची ओळ." वीस मिनिटांनी ब्रोकर उठला. सोमवारी आले तेव्हा कानामागे पिवळं होतं. कुणीतरी त्यावरून चिडवलं, तर ते उठून हात-तोंड धुवून आले.

अकरा वर्षं त्यांचं पद 'सपोर्ट असिस्टंट' असं होतं. डिग्री नव्हती ना. काल आलेली पोरं इंजिनिअर, आणि त्यांना शिकवणारा असिस्टंट. नाशिकरोडला विहारासमोरच्या कॉलनीत ते राहायचे, बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांना पैशाची हाव नव्हती, पण त्या पदाचं त्यांना लागत होतं. एकदा मालक खुशीत असताना ते म्हणाले, "साहेब, कार्डावर सिस्टिम इंजिनिअर लिहिलं तर बरं होईल. पगार तोच ऱ्हाऊ द्या." मालक हसून म्हणाले, "अहिरे, तुमच्याशिवाय कंपनी चालत नाही, कार्डाचं काय घेऊन बसलात?" सगळे हसले, सरही थोडे हसले. मी तेव्हा तिथेच होते. मालकांच्या त्या गोड बोलण्याचा मला आजही संताप येतो, पण तेव्हा आला नव्हता, हेही खरं आहे.

आमच्या मशीन्सना त्यांनी गावांची नावं दिली होती. वणी, कळवण, देवळा, नामपूर. एक जुनं, धापा टाकणारं मशीन होतं, त्याचं नाव पेठ, घाट चढावा लागतो म्हणून. आणि सगळ्यांचं सामाईक मशीन, ज्यावर सगळ्यांचं काम जोडलेलं, त्याचं नाव सटाणा. "सटाणा बंद पडलंय", "कळवणवरून सटाण्याला निरोप जात नाही", अशी वाक्यं ऑफिसात दिवसभर चालायची. नवख्याला वाटावं, आपण एसटीच्या चौकशी खिडकीत नोकरीला लागलो. नावाबद्दल त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: "नाव आधी ठरव, मग ब्रोकर बसव. नंतर नाव बदलायचं नाय. ब्रोकर आपलं दप्तर मशीनच्या नावानं ठेवतो. नाव बदललं की तो कोरं दप्तर उघडतो. जुनं तिथंच पडलेलं असतं, पण त्याला दिसत नाय." हे त्यांनी वहीत मात्र लिहिलेलं नव्हतं. एवढं तर कुणालाही ठाऊक असणार, असं त्यांना वाटत असावं.

निखिल सर आमच्याकडे मॅनेजर म्हणून आले ते पुण्याहून. आल्या आल्या त्यांना ती गावं खटकली. सोमवारी कंपनीत पैसे गुंतवणारे कुणी बघायला येणार होते आणि त्यांच्यापुढे स्क्रीनवर 'सटाणा', 'पेठ' दिसणं निखिल सरांना नको होतं. शनिवारी दुपारी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "सगळ्या मशीन्सना नंबर दे. डेव्ह एक, डेव्ह दोन. प्रोफेशनल दिसलं पाहिजे." अहिरे सर त्या दिवशी रजा घेऊन कळवणला बहिणीकडे गेले होते. मी म्हटलं, "सर, एकदा अहिरे सरांना फोन करू का?" ते म्हणाले, "नाव बदलायला परवानगी कशाची?"

मी वणीचं नाव बदललं, कळवणचं बदललं. सटाण्यापाशी आले तेव्हा मला सरांचं बोलणं आठवलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. आठवलं होतं. दप्तर हा शब्दसुद्धा आठवला होता. निखिल सर मागे उभे होते, माझा कायम होण्याचा कागद त्यांच्याकडे सहीला होता, आणि मी टाईप केलं. मशीन बंद होऊन परत चालू झालं. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. निखिल सर म्हणाले, "बघ, दोन मिनिटांचं काम."

आता हे आमचं नुसतं शिकायचं, तपासायचं मशीन असतं तर काही बिघडलं नसतं. पण मालकांना वेगळा सर्व्हर घ्यायचा नव्हता, म्हणून एका बाजार समितीची चाचणी 'तात्पुरती' म्हणून दोन वर्षं त्याच सटाणा मशीनवर चालली होती. अहिरे सरांनी त्याबद्दल मालकांना तीनदा लेखी कळवलं होतं. शनिवारी सकाळी गेटवर नोंद होऊन सोमवारच्या लिलावासाठी थांबलेल्या ट्रॅक्टरांचे निरोप ब्रोकरमध्ये होते. सोमवारी सकाळी समितीत स्क्रीन लावली तर ती कोरी. शनिवारपासून रांगेत झोपलेली माणसं आणि पहाटे आलेली माणसं एकाच मापात मोजली गेली, कोण आधी आलं ते दिसेना. आधी शिव्या, मग धक्काबुक्की. लिलाव थांबला. समितीच्या सचिवांचा फोन आला तेव्हा मालक पाहुण्यांसाठी गुलाबाची फुलं निवडत होते.

अहिरे सर कळवणहून तडक ऑफिसला आले होते, हातात पिशवी तशीच. ते सटाणापुढे बसले. त्यांनी काही वाचलं, आणखी काही वाचलं, आणि एकदा मान वळवून माझ्या टेबलाकडे पाहिलं. मग ब्रोकर थांबवला, मशीनला जुनं नाव दिलं, ब्रोकर उठवला. दहा मिनिटांत शनिवारचा एकूण एक ट्रॅक्टर आपल्या क्रमाने स्क्रीनवर हजर. काहीच हरवलं नव्हतं. पण तोवर समितीने चाचणी बंद केल्याचं कळवलं होतं आणि पाहुणे चहा पिऊन निघून गेले होते.

दुपारी मालकांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. "कोणी केलं हे?"

निखिल सर म्हणाले, "सिस्टिम तर अहिरेच बघतात."

"मशीनचं नाव बदललं, म्हणून झालं," अहिरे सर म्हणाले. "मी बदललं नाय."

"मग कोणी बदललं?"

"ज्यानं बदललं तो इथंच हाय साहेब. तो सांगंल."

ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मीही त्या कॅलेंडरकडे बघायला लागले. निखिल सरांनी मोबाईल काढला. मालक म्हणाले, "अहिरे, मशीन तुमच्या ताब्यात, जबाबदारी तुमची." एवढ्यात खापर फोडून झालं. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, याचा मला आजही त्यांच्यावर राग आहे. घेतलं असतं तर मी कदाचित कबूल केलं असतं. त्यांना वाटलं, माणूस आपणहून बोलेल. इतकी वर्षं कंपन्यांमध्ये काढून हे असं वाटतं म्हणजे काय म्हणावं.

राजीनामा द्या, बदनामी होणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल आला की अहिरे यांच्या निष्काळजीपणामुळे डेटा गेला आणि कंपनी अशा गोष्टी खपवून घेत नाही. डेटा गेलेला नव्हता. जाताना सरांनी स्वतःचं टेबल पुसलं, वही माझ्या पुढ्यात ठेवली. "कुलूप काढू नको त्या दोन पॅकेजचं," एवढंच म्हणाले. महिन्याभरात मी कायम झाले. माझ्या कार्डावर सिस्टिम इंजिनिअर लिहून आलं.

नंतर दोन वर्षं त्यांना कुठे धड नोकरी लागली नाही. दुकानांत कॅमेरे बसवून देतात असं कानावर आलं होतं. मी एकदाही फोन केला नाही. मग एक दिवस अंबडमधल्या एका कंपनीतून मला फोन आला. एक बाई बोलत होत्या. अहिरे यांनी त्यांच्याकडे सिस्टिम इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि जुन्या ऑफिसातल्या ओळखीत माझं नाव दिलं होतं. "त्यांच्या कामाबद्दल काय सांगाल मॅडम?"

काचेपलीकडे निखिल सर बसले होते. त्यांना ऐकू जात नव्हतं. जात नव्हतं हे मला माहीत होतं.

"काम चांगलं होतं त्यांचं," मी म्हटलं. "मेहनती आहेत. पण..."

"पण काय?"

"एकदा डेटाचा थोडा प्रॉब्लेम झाला होता."

"त्यांच्यामुळे?"

मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं ते, आणि समोरची बाई मला ओळखतही नव्हती. मी म्हटलं, "तसं रेकॉर्डवर आहे." बाईंनी आभार मानून फोन ठेवला.

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीनंतर मी जिना चढणार, तर खालच्या दारात शिडी लावलेली. शिडीवर अहिरे सर. केस पांढरे झालेले, तोंडात दोन स्क्रू धरलेले. मला बघून त्यांनी स्क्रू हातात घेतले.

"मीनल का? मला वाटलंच, भेटशील."

"सर, इथे?"

"सोसायटीचं काम घेतलंय. चार कॅमेरे." त्यांनी एक स्क्रू बसवला. "बरी हायेस ना? तुला फोन आला असंल अंबडचा. उगी तुझा वेळ गेला. ते काय जमलं नाय."

मी आला होता म्हटलं.

"ते म्हणले, जुन्या ऑफिसातलं एक नाव द्या. मी तुझंच दिलं. मशीनमधली नोंद मी त्याच दिवशी वाचली होती, नाव बदललं ते तुझ्याच खात्यातनं. म्हटलं, आपली चूक नव्हती हे हिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? बाकी कुणी सांगितलं असतं तर ते ऐकीव झालं असतं." ते पेचकस फिरवत बोलत होते. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो सहन केला असता. "का नाय जमलं ते काय सांगितलं नाय त्यांनी. वय असंल. आता माझ्या वयाचा माणूस कोण घेतो?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. जिन्यात आम्ही दोघंच होतो. मी नुसती पायरीवर उभी राहिले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, कॅमेऱ्याचं चित्र त्यात उघडलं आणि म्हणाले, "हां, तशीच थांब जरा. वर बघ. चेहरा येतो का नीट ते बघू दे."

मी वर बघितलं. त्यांनी मोबाईलकडे बघत कॅमेरा बोटभर खाली वळवला, परत बघितलं.

"येतोय," ते म्हणाले. "जा आता, तुला उशीर होत असंल."

मला उशीर होत नव्हता. मी गेले.